संगणक शाळेत आला, शिक्षकाच्या हातात कधी आला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय तसा रोजचाच. हायस्कूलच्या शिक्षकाला वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत कशी करायची? यावर सल्ले पुष्कळ मिळतात. पण आपल्या देशात हा प्रयोग गेली चाळीस वर्षं चालू आहे, त्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. एखादी सिस्टीम बंद पडली की आम्ही आधी जुने लॉग उघडतो. आज तेच करू या.

सुरुवात १९८४ पासून. त्या वर्षी केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. शाळांमध्ये संगणक साक्षरता आणावी, हा हेतू. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडल्या आणि तिथे ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक बसवले. हा संगणक एकॉर्न या कंपनीने बीबीसीच्या साक्षरता मोहिमेसाठी १९८१ मध्ये बाजारात आणला होता. त्याच्या मॉडेल बीची मेमरी ३२ केबी. आज मोबाईलवर आलेला ‘गुड मॉर्निंग’चा फोटो याहून जड असतो!

पण मशीन लहान होतं ही अडचण नव्हतीच. ब्रिटनमधल्या मुलांनी त्याच मशीनवर धडाधड प्रोग्रॅम लिहिले. आपली अडचण वेगळी होती. संगणकासोबत आलेलं बरंचसं सॉफ्टवेअर ब्रिटिश शाळांसाठी केलेलं होतं. भाषा इंग्रजी, अभ्यासक्रम तिथला. एका शाळेच्या वाट्याला मोजकी मशीन्स. आणि ज्या शिक्षकांनी हे चालवायचं, त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण. परत आल्यावर तास तेच, पोर्शन तोच, परीक्षाही तीच. आता भूगोलाच्या शिक्षकाने नववीच्या नेमक्या कुठल्या धड्याला तो संगणक वापरायचा? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मग संगणक एका खोलीत गेला. खोलीला पडदे, दाराला कुलूप, चप्पल बाहेर. ‘कॉम्प्युटर रूम’ हा शब्द आपल्या शाळांमध्ये असा रुजला, आणि ती खोली गणिताच्या, विज्ञानाच्या, इतिहासाच्या वर्गापासून लांबच राहिली.

पुढचा मोठा टप्पा डिसेंबर २००४ मध्ये आला, केंद्राच्या ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजनेचा. या वेळी पैसा जास्त आणि शाळाही कितीतरी जास्त. यात पुढे बऱ्याच राज्यांनी ‘बूट’ पद्धत घेतली. कंत्राटदार कंपनीने लॅब उभारायची, ठरावीक वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची. संगणक शिकवणारा माणूसही कंत्राटावर. महाराष्ट्रातही हेच झालं. कंत्राटाची मुदत संपली, तसे हे संगणक शिक्षक बेरोजगार झाले. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर त्यांची आंदोलनं झाली, ती बातम्यांमध्ये तुम्ही पाहिली असतील. वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करून शेवटी हातात काही नाही. त्यांचा राग खरा होता.

शाळेच्या बाजूने बघितलं तर आणखी एक नुकसान झालं. मशीनची सगळी माहिती त्या एका माणसाच्या डोक्यात होती. तो गेला, तसं ज्ञानही गेलं. गणिताच्या मॅडमना लॅबचा पासवर्डसुद्धा माहीत नसायचा, कारण ‘ते कॉम्प्युटरवाल्या सरांचं काम’. आमच्या क्षेत्रात म्हणतात, ज्या प्रोजेक्टमधली माहिती एकाच माणसाकडे आहे, तो प्रोजेक्ट एका राजीनाम्याच्या अंतरावर असतो. हे अगदी तसंच.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ही केरळची आहे.

इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवरून केरळ सरकारने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला. भर होता हायस्कूलवर. नावं सारखी वाटतील, पण कामाची पद्धत उलटी होती. केरळने हायस्कूलमध्ये आयटी शिकवायला वेगळी माणसं भरली नाहीत. जे शिक्षक आधीपासून गणित, विज्ञान, भाषा शिकवत होते, त्यांनीच आयटीही शिकवायचं ठरलं. आणि त्यांना शिकवणार कोण? तर शाळेतलेच शिक्षक. त्यांच्यातूनच ‘मास्टर ट्रेनर’ निवडले गेले. शिवाय प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयकाची जबाबदारी दिली.

याने काय बदललं? दहावीच्या वर्गासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे प्रशिक्षण देणाऱ्याला माहीत होतं. पन्नास मुलं, चाळीस मिनिटांचा तास, मध्येच जाणारी वीज. समोरच्या शिक्षकाला प्रश्न विचारायला संकोच वाटत नव्हता, कारण सांगणारा त्याच्यातलाच होता.

दुसरा निर्णय सॉफ्टवेअरचा. सुरुवातीला तिथेही विंडोज होतं, पुस्तकंही त्यावर बेतलेली. शिक्षकांमधूनच विरोध झाला, वाद झाले, आणि २००८ पर्यंत शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे लिनक्सवर गेल्या. यात तत्त्वाचा भाग होताच, पण मला व्यवहाराचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेत जे आहे तेच शिक्षक घरच्या संगणकावर फुकट टाकू शकत होता, रात्री जेवण झाल्यावर सराव करू शकत होता. पाठ्यपुस्तकात लागणारी सॉफ्टवेअर आधीच भरलेली. भूमितीसाठी जिओजेब्रा, नकाशांसाठी क्यूजीआयएस. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू माऊसने ओढला की कोन बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते. हे फळ्यावर दाखवायला दहा आकृत्या काढाव्या लागतात.

मशीन मोठ्या प्रमाणावर वर्गात पोचली ती खूप नंतर. २०१७ मध्ये प्रकल्पाचं ‘काईट’ नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झालं आणि २०१८ पासून आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले. क्रम लक्षात घ्या. आधी सोळा-सतरा वर्षं शिक्षक तयार होत होते. जून २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद असताना त्यांच्या व्हिक्टर्स वाहिनीवर ‘फर्स्ट बेल’चे तास सुरू झाले, तेव्हा ती तयारी कामी आली.

केरळ लहान राज्य आहे, साक्षरता आधीच जास्त होती, सगळं जसंच्या तसं उचलता येणार नाही, मान्य. पण आपल्याकडेही पुरावा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांमध्येही ते आले, आणि २०२० मध्ये सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. शाळा प्राथमिक होती, पण मुद्दा तोच. कल्पना वर्गात शिकवणाऱ्या माणसाची होती.

आता माझ्यापुरतं. गेली दोन वर्षं महिन्यातल्या दोन शनिवारी मी तालुक्याच्या एका हायस्कूलमध्ये शिक्षकांसोबत बसतो. हा सगळा इतिहास वाचल्यावर मी तिथे तीन नियम पाळतो. एक, ‘हे टूल बघा’ असं म्हणायचं नाही. ‘सर, कुठला धडा मुलांच्या डोक्यावरून जातो?’ हे विचारायचं. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, भिंगांची किरणाकृती. मग त्या एका धड्यापुरतंच सिम्युलेशन शोधलं, बाकी काही नाही. दोन, माऊस माझ्या हातात घ्यायचा नाही. वेळ लागला तरी चालेल. तीन, एका शिक्षकाला जमलं की पुढच्या शिक्षकाला त्यांनीच शिकवायचं, मी मागच्या बाकावर.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे एआय. पुन्हा शाळांच्या दारात नव्या वस्तू घेऊन माणसं उभी आहेत. डेमो झकास असतो. मुख्याध्यापकांनी, शाळा समितीने फक्त एवढंच विचारावं: तुमचा माणूस गेल्यावर हे आमच्या कुठल्या शिक्षकाला चालवता येईल, आणि त्यांना शिकवायला तुम्ही किती दिवस देणार? उत्तर गोलमोल आलं, तर १९८४ ची ती कुलूपबंद खोली आठवा.

तुमच्या शाळेत हे कसं झालं, ते नक्की कळवा. विशेषतः शिक्षक मंडळींनी. भेटू पुढच्या भागात.