तळं खोदणारे आणि गाळ काढणारे

आजचा विषय म्हटलं तर अगदी घरगुती आहे: परसातलं तळं. नांदेड-लातूरकडे हा विषय काढला की लोक आधी हसतात. 'प्यायच्या पाण्याची मारामार, अन् तुम्ही घरामागं तळं करायला सांगता?' म्हणून तर आम्ही तो आज घेतला. आपल्या भागात तळ्याचा इतिहास जुना आहे, पण त्याचा अर्धा भाग कुणी लिहूनच ठेवला नाही.

सुरुवात राष्ट्रकूटांपासून करू. हे राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं अनेक अभ्यासक मानतात. याच घराण्यातल्या कृष्ण तिसऱ्याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला, एक शिलालेख नांदेड जिल्ह्यात कंधारला मिळाला. त्यात 'जगत्तुंग समुद्र' असं तळ्याचं नाव येतं. मोठ्या तळ्याला समुद्र म्हणायची तेव्हा रीतच होती. जगत्तुंग हे गोविंद तिसऱ्याचं बिरुद, आणि कृष्ण दुसऱ्याच्या मुलाचंही हेच नाव. कंधारचं तळं आजही त्याच नावानं ओळखलं जातं. हजार वर्षं नाव टिकलं बघा!

आता आमचा प्रश्न असा आहे. तळं एकदाच खोदतात, पण गाळ दर पावसाळ्यात येतो. तो उपसणारी माणसं कोण होती? त्यांचं नाव दगडावर नाही. राजाचं बिरुद राहिलं, टोपली उचलणारे हात राहिले नाहीत. आणि खरं सांगायचं तर पाणी टिकलं ते त्या हातांमुळं.

हीच गोष्ट वाड्यांतल्या आडाची. जुन्या वाड्यात आड असायचा, बाजूला दगडी हौद, आणि न्हाणीचं पाणी जायचं मागच्या केळीला, अळूला. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की माणूस आत उतरून गाळ काढायचा. मग नळ आला. आडाची गरज संपली म्हणून गाळ काढणं थांबलं, आणि कित्येक आड कचऱ्यानं बुजले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण बोलत राहिलो आणि आड मात्र बुजवत गेलो.

त्यानंतर आलं २०१६. मार्चमध्ये लातूरला पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. आता जरा हिशोब करू. हजार चौरस फुटांचं छत, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं वजा केलं, तर एका छतावरून पन्नास हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे पहिली गाडी बरोबर दहा घरांच्या छतांएवढी! दुष्काळात पाऊस निम्मा झाला तरी वीस घरं. यानं शहराची तहान भागते असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्या छतावरचं पाणी आपण गटारात सोडतो, हे तर कळतं.

म्हणून परसातलं तळं. ते नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यानं भरायचं नाही, छताच्या पाण्यानं भरायचं. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. म्हणून भिंतीच्या पायापासून लांब खोदा. मुरमात पाणी मुरून जातं, तिथं शेततळ्यासारखा प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. काठ उतरता ठेवा. पाणी आत येण्याआधी एक छोटा खड्डा करा, गाळ तिथंच बसेल. जादा पाणी झाडांकडं काढून द्या. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडा. मात्र ते मासे नदी-ओढ्यात जाऊ देऊ नका. लहान मुलं असतील तर जाळी हवीच. एप्रिल-मे महिन्यांत उन्हानं महिन्याला वीतभर पाणी सहज उडतं, तेव्हा थोडी सावली असू द्या.

हे सगळं एका आठवड्यात होतं. खरी परीक्षा पुढच्या वैशाखात, तळ कोरडा पडल्यावर. त्या दिवशी घमेलं घेऊन कोण उतरणार, हे खोदण्याआधीच घरात ठरवा. निघालेला गाळ फेकू नका, झाडांच्या बुंध्याशी घाला. २०१७ मध्ये सरकारनंही 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना आणली. म्हणजे गाळाला निदान योजनेच्या नावात तरी जागा मिळाली.

कंधारच्या तळ्याला राजाचं नाव आहे. तुमच्या तळ्याला नाव नसलं तरी चालेल, पण गाळ काढणारा हवा.