नववधूचा पुष्पगुच्छ आणि त्याचा सुगंध

आपल्या समाजात नववधू वेदीकडे चालू लागते तेव्हा तिच्या हाती पुष्पगुच्छ असावयाचाच. हा प्रघात इतका अंगवळणी पडला आहे की, तो आला कोठून, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्राच्या जुन्या रीतीत लग्नाची फुले हाती धरून मिरविण्याची नव्हेत. ती मुंडावळ्यांत कपाळावर, वेणीत केसांवर आणि हारात गळ्यात शोभावयाची. हातातील गुच्छ युरोपातून आला, आणि येथील ख्रिस्ती वधूने केसांतील गजरा न टाकता त्याचा स्वीकार केला. ह्या गुच्छाचा थोडासा इतिहास सांगावा, व त्यावरून आजच्या वधूने तो कसा निवडावा ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

युरोपातील आधुनिक विवाहवेषावर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची छाप मोठी आहे. 10 फेब्रुवारी 1840 रोजी तिचा विवाह झाला, तेव्हा तिने मस्तकावर नारिंगाच्या फुलांचे वेष्टन धारण केले होते. नारिंगाच्या झाडावर फूल आणि फळ एकाच वेळी दिसते, म्हणून ते सुफळ संसाराचे चिन्ह मानीत. 1858 साली तिच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहगुच्छात विलायती मेंदीची डहाळी होती, आणि पुढे ती त्या राजघराण्याची परंपराच होऊन बसली. 20 नोव्हेंबर 1947 रोजी राजकन्या एलिझाबेथ हिच्या पांढऱ्या ऑर्किडच्या गुच्छातही ती डहाळी होती. नारिंगाचे फूल काय किंवा विलायती मेंदीचे पान काय, दोन्ही सुगंधी आहेत. ज्या रीतीचे आपण अनुकरण केले, तिच्या मुळाशी रूपाबरोबर सुवासही होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुवासाची ही आवड आपणांस परकी खासच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी 1616 साली गोव्यात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात मराठी भाषेची थोरवी गाताना फुलांतील मोगरीचा दाखला दिला आहे. परदेशातून आलेल्या त्या विद्वान धर्मगुरूंस आपल्या भाषेची उपमा शोधताना सुगंधी फूल आठवावे, ह्यात ह्या भूमीच्या अभिरुचीची खूण सापडते.

आता वेळेचा विचार करू. पूर्वी मध्यरात्रीपासून निरशन राहिल्यावाचून ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे, आणि 1917 च्या धर्मसंहितेप्रमाणे दुपारी एकनंतर मिस्साचा आरंभ करता येत नसे. म्हणून मिस्सासह होणारी लग्ने सकाळीच लागत. 6 जानेवारी 1953 रोजी पोप बारावे पायस ह्यांनी उपवासाचे नियम सौम्य करून काही अटींवर सायंकाळच्या मिस्सास मुभा दिली. 1957 साली ती अधिक व्यापक झाली. तेव्हापासून संध्याकाळची लग्ने शक्य झाली आणि हळूहळू रूढही झाली. लग्नाची घटिका अशी सकाळवरून सायंकाळवर गेली. परंतु त्याबरोबर गुच्छातील फुलेही बदलावीत, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. गावठी गुलाब व सोनचाफा ह्यांचा सुवास सकाळी ऐन भरात असतो. मोगरा व निशिगंध ह्यांचा दरवळ दिवस मावळू लागला म्हणजे वाढतो.

वेळेप्रमाणे ऋतूही पाहिला पाहिजे. आगमनकाळात व उपवासकाळात आपल्याकडे लग्ने सहसा होत नाहीत. त्यामुळे ती पास्काच्या सणानंतर, आगमनकाळापूर्वी, अथवा नाताळ व उपवासकाळ ह्यांच्या दरम्यान येतात. पास्कानंतरचा उन्हाळा हा मोगऱ्याचा हंगाम. पावसाळ्यापासून थंडी पडेपर्यंत निशिगंधाचा भर. आणि हिवाळ्यात गुलाब व शेवंती. धर्माच्या दिनदर्शिकेने वधूपुढे जणू तीन परड्या मांडून ठेविल्या आहेत.

ह्या फुलांसाठी दूर जावयास नको. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतजवळ आपले कासुर्डी गाव आहे. ज्या दौंड तालुक्यात ते मोडते, त्यास खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळते, आणि ह्या पूर्व भागातील शेवंती, झेंडू व निशिगंध गुलटेकडीच्या फुलबाजारात जातात. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तेथील नाहुआ लोक त्यास त्याच्या शुभ्रतेवरून हाडाचे फूल म्हणत. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याचे कंद लाविले म्हणजे तीन-चार महिन्यांत दांडे येतात, आणि फुले खालून वर क्रमाने उमलतात. रात्री फिरणाऱ्या पतंगांस बोलाविण्यासाठी निसर्गाने त्यास सायंकाळी सुटणारा सुवास दिला आहे. आणि फूल खुडल्यावरही तो सुटतच राहतो.

येथे वधूच्या आईने एक गोष्ट अवश्य पाहावी. निशिगंधाचे एकेरी व दुहेरी असे प्रकार आहेत. दुहेरी फूल भरगच्च दिसते, म्हणून गुच्छ बांधणारे तेच पसंत करितात. परंतु सुवास अधिक असतो तो एकेरी फुलास. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार व प्रज्वल, तसेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी, ह्या एकेरी जाती होत. गुलाबाचीही कथा अशीच आहे. दूर पाठविण्यासाठी व बहुत दिवस टिकण्यासाठी निपजविलेल्या पुष्कळ गुलाबांत सुवास उरलेला नाही. सुवासिक गुलाबाच्या पाकळ्यांत जे एक विकर सुगंध घडविते, ते गंधहीन जातींत जवळजवळ नसतेच, असे 2015 साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. म्हणून गुच्छ केवळ चित्र पाहून मागवू नये. फूल नाकाशी धरून निवडावे.

सुवासाची गर्दीही नको. एका गुच्छात एकच तीव्र सुगंधी फूल प्रमुख असावे. बाकीची साधी फुले व पाने त्याच्या सोबतीस पुरेत. निशिगंधाचे दांडे खालची एक-दोन फुले उमलताच कापलेले घ्यावेत. मोगऱ्याच्या कळ्या त्याच सकाळी खुडलेल्या असाव्यात व ओल्या फडक्यात जपाव्यात. लग्नघरच्या खर्चासही हेच सोयीचे, कारण हंगामातील जवळचे फूल ताजे व स्वस्त मिळते, आणि त्याचा पैसा शेजारच्याच शेतकऱ्याच्या घरी जातो.

निशिगंधास आपण गुलछडी, म्हणजे फुलांची छडी, असेही म्हणतो. पवित्र मरियेचा वर म्हणून संत योसेफाची निवड झाली ती त्याच्या काठीस फुले आली म्हणून, अशी प्राचीन आख्यायिका आहे, आणि चित्रकार आजही त्याच्या हाती फुललेली काठी देतात. कासुर्डीच्या परिसरातील कन्येने सायंकाळच्या लग्नास ही छडी हाती घेतली, तर तिचा गुच्छ इतरांहून वेगळा दिसेल आणि वेदीपाशी उभी राहीपर्यंत दरवळत राहील. विधी आटोपल्यावर तो देवमातेच्या चरणी ठेवावा. रात्र पडेल तसा तेथेही त्याचा सुवास वाढत जाईल.