पित्त, जठर, जुलाब : पोटातल्या शब्दांचा इतिहास

१/ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही कोल्हापूरची गुळाची पेठ. इथल्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसले, तर "डॉक्टर, पित्त झालंय" हे वाक्य हमखास कानी पडते. एकाच्या छातीत जळजळते, दुसऱ्याचे डोके ठणकते, तिसऱ्याच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात. दुखणी तीन, शब्द मात्र एकच. असे का? #थ्रेड

२/ हे अज्ञान नव्हे, एका जुन्या शास्त्राचा अवशेष आहे. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक. त्याचे पाच प्रकार मानले गेले. त्यांतले पाचक पित्त अन्न पचवते, तर भ्राजक पित्त त्वचेत राहते. घशाशी येणारे आंबट पाणी म्हणजे अम्लपित्त, अंगावरच्या गांधी म्हणजे शीतपित्त. विशेषणे गळाली आणि बोलण्यात नुसते 'पित्त' उरले.

३/ पुढे आधुनिक वैद्यकाने हाच शब्द उचलला, पण यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसासाठी. जठरातले आम्ल हा वेगळाच पदार्थ. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ मध्ये दाखवले. म्हणजे रुग्ण ज्याला पित्त म्हणतो, ते पाठ्यपुस्तकातले पित्त बहुधा नसतेच!

४/ 'पचन' शब्द 'पच्' या धातूपासून आला. अर्थ : शिजवणे. जठराग्नी, मंदाग्नी हे शब्द त्याच चुलीचे. गीतेच्या पंधराव्या अध्यायातही प्राण्यांच्या देहात अन्न पचवणारा वैश्वानर अग्नी येतो. ग्रीकांची कल्पनाही हीच : 'पेप्सिस' म्हणजे शिजणे. १८३६ मध्ये थिओडोर श्वान याने जठरातल्या पाचक द्रव्याला 'पेप्सिन' हे नाव दिले, ते याच शब्दावरून.

५/ न शिजलेले ते 'आम', शिजलेले ते 'पक्व'. म्हणून कच्च्या अन्नाची जागा आमाशय आणि पचलेल्याची पक्वाशय. शौचावाटे 'आंव पडते' असे आजी म्हणते, तोही हाच 'आम'. हिंदी पाठ्यपुस्तकांनी आमाशय ठेवला, मराठीने जठर स्वीकारला.

६/ पण संस्कृतात 'जठर' म्हणजे केवळ अन्नाची पिशवी नव्हे. पोट आणि गर्भाशय हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ग्रीक 'गॅस्टर'चेही तसेच. सहोदर म्हणजे एकाच उदरातून आलेला, पोटुशी म्हणजे गर्भवती. इंग्रजी 'स्टमक'चा प्रवास त्याहून मजेदार. मूळ ग्रीक शब्द 'स्टोमा', म्हणजे तोंड, यावरून बनला. त्याचा अर्थ होता घसा किंवा अन्ननलिका. कालांतराने तो खाली सरकत जठरापर्यंत पोहोचला.

७/ 'जुलाब' फारसीतून आला : गुल म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आब म्हणजे पाणी. 'गुलाब'चे अरबीत 'जुलाब' झाले, आणि सुगंधी पाण्यावरून अर्थ औषधी सरबताकडे गेला. पुढे तो शब्द रेचक औषधाला लागला. मराठीत तर औषध आणि त्याचा परिणाम दोन्ही जुलाबच : जुलाब घेतला आणि जुलाब झाले. इंग्रजीतले 'जूलेप' हे गोड पेय याच शब्दाचे भावंड.

८/ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. 'रेच' हा संस्कृत पर्याय हाताशी होता, तरी लोकांनी जुलाब सोडला नाही.

९/ मराठीतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा प्रयत्नही जुना आहे. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी वैद्यक शाळा निघाली आणि १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८६१ मध्ये तिथे मराठी व गुजराती वर्ग निघाले. अशा शिक्षणापुढचा पेच सोपा नव्हता. नवा शब्द घडवावा तर तो रुग्णाला कळत नाही. जुना घ्यावा तर जुना अर्थ सोबत येतो. 'पित्त' हे दुसऱ्या वाटेचे उदाहरण.

१०/ या जुन्या अर्थाची किंमत कधी कधी जबर असते. हृदयविकाराचा झटका काही वेळा पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा जडपणा होऊन येतो. घरचे म्हणतात, "पित्त असेल, थंड दूध घे." सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर हा एक शब्द मोलाचा वेळ खातो.

११/ अल्सरचेही तसेच. त्याचे खापर तांबड्या रश्श्यावर आणि काळजीवर फोडले जाई. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ पासून 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूकडे बोट दाखवले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर हे अल्सरचे दुसरे मोठे कारण. जिवाणूच्या नावातल्या 'पायलोरी'चे मूळ ग्रीक आहे, अर्थ द्वारपाल. जठराच्या शेवटच्या दाराचा राखणदार.

१२/ म्हणूनच अनुभवी डॉक्टर "पित्त झालंय" ऐकून लगेच गोळी लिहीत नाही. तो विचारतो, "पित्त म्हणजे नेमकं काय होतंय?" दोन हजार वर्षांचे अर्थ एका शब्दात दाटलेले असताना, हा प्रश्न विचारावाच लागतो.