मराठवाड्यातील ताण आणि बहार

थंड देशांत फळझाडे पेटीत लावण्याचे कारण थंडी होय. फ्रान्समधील व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात बांधलेल्या संत्रागृहात पेट्यांतील संत्र्याची झाडे हिवाळ्यापुरती आत नेली जात आली आहेत. लातूरकडील मोसंबी-डाळिंबास बंधन आहे ते विहिरीचे. मृगबहार धरावयाचा तर भर उन्हाळ्यात पाणी बंद करून बागेस ताण देतात; पाने मलूल होऊन गळू लागली, की खत-पाणी देऊन फुलोरा आणतात. थंड मुलखात फळझाडास जी विश्रांती हिवाळा देतो, ती येथे माणूस तहानेने घडवितो. मात्र ताण तोडावयास विहिरीत पाणी उरलेले असावे लागते. २०१२ च्या अवर्षणानंतर मोसंबीचे आगर असलेल्या जालन्यातच बागा वाळल्या; एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहरास पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले.