म्हैसूरची झाडं आणि नीरेचं मीठ

मागच्या भागात श्रीरंगपट्टणच्या वेढ्याबद्दल बोललो. आज मुलूख तोच, पण विषय मातीचा.

निवृत्तीनंतर मी म्हैसूरला राहतो. आमची वसाहत शहराच्या कडेला, जिथे पूर्वी कालव्याखालची भातशेती होती तिथे उभी आहे. रस्त्याच्या दुतर्फा आम्ही ४० झाडं लावली. टॅबेबुया, जॅकरांडा, गुलमोहर. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या, आळ्यांत पांढरा थर दिसू लागला. वसाहतीच्या बैठकीत एका गृहस्थांनी नॅनो युरियाची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, फवारा मारा, महिन्यात पालवी फुटेल." वर्गणीतून पेटी मागवायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी आठ दिवस मागून घेतले आणि जुनी पुस्तकं काढली.

म्हैसूरच्या राज्यातली फुलझाडं म्हटलं की गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल यांचं नाव निघतं. १८६५ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा माणूस लंडनच्या क्यू बागेतून १८९३ साली हिंदुस्थानात आला, तो आपल्या सयाजीराव महाराजांच्या बडोद्याला! म्हैसूर संस्थानाने त्यांना १९०८ मध्ये बोलावून घेतलं. वर्षभर कुठला ना कुठला रस्ता फुललेला दिसावा, अशी झाडांची निवड ही त्यांची कल्पना. पण माझी गाडी अडली ती दुसऱ्या एका नावापाशी. तेही आपल्याकडूनच गेलेलं.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. कृष्णराजसागर धरणाचं काम १९११ साली सुरू झालं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याआधी हे गृहस्थ नीरेच्या डाव्या कालव्यावर राबले होते, हे आपल्याकडेच फारसं कुणी सांगत नाही. १८८५ च्या सुमारास बारामती, इंदापूरच्या दुष्काळी रानात त्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. आणि मागोमाग मीठ आलं.

हे मीठ येतं कुठून? ते मातीत आणि पाण्यात थोडं थोडं असतंच. काळ्या रानात पाणी भरमसाट दिलं आणि निचरा नसला की भूजल वर चढतं. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आलं की दिव्याच्या वातीसारखं वर ओढलं जातं. ऊन पाणी घेऊन जातं, क्षार तिथेच ठेवतं. शेतकऱ्यांनी त्याच्या पायऱ्यांना नावंच दिली आहेत: पाणी साचून राहतं ती चिबड, क्षार वर येतात ती खारवट, सोडियम चिकणमातीत शिरून तिचा घट्ट गोळा करतो ती चोपण. कर्नाटकात याला सवळु-जवळु म्हणतात. शिरोळ, मिरजेकडच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

विश्वेश्वरय्यांनी नीरेवर गट पद्धत, म्हणजे ब्लॉक सिस्टिम, आणली. पाणी ठरावीक गटांना, पिकांची पाळी लावून द्यायचं, म्हणजे ते जास्त गावांना पुरेल आणि एकाच रानात मुरत राहणार नाही. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच काढली. हे मान म्हणजे पुढे दख्खनच्या खेड्याचा अभ्यास करणारेच. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनासाठी खास विभाग उघडला. खडकवासल्याची आजची जल संशोधन संस्था त्यातूनच वाढली. या सगळ्या खटाटोपाचा रोख एकच होता. चर खणा, पाणी उतरवा.

आता बाटलीकडे येऊ. इफ्कोने २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरच्या पहिल्या बाटलीत ४ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत तो २० किलोच्या वर. एक बाटली बरोबर एक गोणी, या दाव्यावर म्हणूनच वाद झाला. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या चाचणीत नेहमीची खतं कमी करून नॅनो युरिया वापरला तेव्हा गव्हाचं उत्पादन २१ टक्क्यांहून जास्त घटलं.

तरी बाटलीला खोटं म्हणणार नाही. चोपण जमिनीत जस्त, लोह असूनही मुळांना मिळत नाही, अशा वेळी पानातून दिलेला घास उपयोगी पडतो. नॅनो जस्त, नॅनो सिलिका यांनी क्षाराचा ताण हलका होतो, असं कुंडीतल्या रोपांवरच्या प्रयोगांत दिसलंही आहे. पण कुंडीला तळाशी भोक असतं. आमच्या रस्त्याला ते नव्हतं.

माती तपासली, सामू ८.९ निघाला. मग शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन वसाहतीत फिरलो. खालच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याने काठी टेकली. इथे भाताचं पाणी काढायचा मोठा चर होता. प्लॉट पाडणाऱ्यांनी तो बुजवून वर डांबर घातलं होतं.

बाटल्यांचे पैसे आम्ही जेसीबीला दिले. वाद झाला, दोघांनी वर्गणी थांबवली. चर मोकळा केला, पण पाणी सोडायचं कुठे, यावर खालच्या मळेवाल्याशी चार बैठका झाल्या. त्याच्या बांधाकडेने नाल्यापर्यंत पाइप न्यायचं कबूल केलं तेव्हा तो राजी झाला. मग प्रत्येक आळ्यात जिप्सम मिसळलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीतून हुसकावतं, पण हुसकावलेलं मीठ वाहून न्यायला पाऊस आणि चर दोन्ही लागतात. बोअरचं पाणी बंद केलं. नवी पालवी दिसल्यावर नॅनो जस्ताचे दोन फवारे मारले. बाटलीवाले गृहस्थ स्वतः पंप घेऊन आले होते.

४० पैकी ११ झाडं गेली, त्यात जॅकरांडा सगळे. गुलमोहर तगले. खालच्या गल्लीत पांढरा थर अजून येतो. तिथे यंदा करंज लावलेत. इथले लोक त्याला होंगे म्हणतात. खारवट जमीन हे झाड बरंच सोसतं. फुलं फिकट, बारीक आहेत, म्हणून बायकांची कुरकूर चालू आहे.