शिरूरचे कर्जरोखे आणि बिझनेस स्कूलची प्रवेशपरीक्षा

थ्रेड

१/
नामवंत बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा घोटाव्या लागतात : उताऱ्याचे आकलन, आकडेवारीच्या तक्त्यांचे वाचन आणि टक्केवारी-व्याजाचे गणित. दीडशे वर्षांपूर्वी शिरूर-दौंडच्या मुलखात हीच कौशल्ये हाती नसल्यामुळे अनेकांची घरेदारे आणि जमिनी गेल्या. त्या इतिहासाचा आणि या परीक्षेचा संबंध पाहू.

२/
डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातील कर्डे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापोटी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर हक्क सांगितला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून खरेदी बंद झाली, त्यांची शेते कसायला कोणी जाईना, न्हावी-धोबी-सुतारांनी काम थांबवले.

३/
बहिष्काराचे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका हा त्याच जुन्या भीमथडीचा भाग. इतिहासात हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो.

४/
शेतकऱ्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेले मुद्दल अधिक व्याज हेच नव्या रोख्याचे मुद्दल होऊ लागले.

५/
हिशेब करून पाहा. समजा कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २, म्हणजे वर्षाला २४. काहीच फेड झाली नाही आणि दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर :
३ वर्षांनी १७२
६ वर्षांनी २९६
९ वर्षांनी ५०९
१२ वर्षांनी ८७५
१५ वर्षांनी १,५०५
रोखा न बदलता सरळव्याज आकारले असते, तर १५ वर्षांनी देणे ४६० रुपये. मुद्दलाच्या दुपटीपलीकडे वसुली नको, हा दामदुपटीचा जुना दंडक पाळला असता, तर २००.

६/
हे कल्पित उदाहरण अतिशयोक्त वाटेल. परंतु उठावानंतर नेमलेल्या आयोगानेच शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण नोंदवले आहे. रोख्यावर अंगठा उठवणाऱ्याला ना मोडी वाचता येत होती, ना व्याजाची आकारणी ताडून पाहता येत होती.

७/
मग हिशेब कोणाला येत होता? व्यापारी घरातला मुलगा लहानपणापासून पेढीवर बसे. रोजकीर्द, खतावणी, हुंडी यांचे शिक्षण त्याला घरातच मिळे. त्या काळचे ‘बिझनेस स्कूल’ म्हणजे पेढी, आणि तिथला प्रवेश जन्माने ठरे. कुणब्याच्या मुलासाठी ते दार उघडण्याची सोयच नव्हती.

८/
आयोगाचा अहवाल वाचताना मात्र सावध राहावे. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी पतपुरवठा आखडता घेतला, आणि त्याच सुमारास सरकारने फेरआकारणीत शेतसारा वाढवला. तरीही आयोगाचा निष्कर्ष असा की शेतकऱ्यांच्या रागाला सरकारी मागणी कारण नव्हती, दोष सावकारांचा. अहवाल सरकारने नेमलेल्यांनी लिहिला होता, हे विसरून चालत नाही.

९/
लेखक काय गृहीत धरतो, कोणता मुद्दा टाळतो, निष्कर्ष पुराव्यातून निघतो का, हेच प्रश्न प्रवेशपरीक्षेतील उताऱ्यांवर विचारले जातात. इतिहासाचा विद्यार्थी साधने तपासताना रोज हेच करत असतो. कला शाखेत असल्याने मागे पडू, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

१०/
१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. पण हातातले पासबुक वाचणार कोण, हा प्रश्न उरलाच.

११/
त्याचे उत्तर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी सुचवले. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी त्यांची मागणी होती. या यादीत हिशेब का आहे, हे कर्डे-सुप्याची हकिगत ठाऊक असलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१२/
उच्च शिक्षणात वाणिज्य उशिरा आले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. पेढीवरची विद्या आता वर्गात आली.

१३/
१९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम सुरू झाल्या. अहमदाबादला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे साहाय्य होते आणि तेथूनच ‘केस’ पद्धत आली : एखाद्या संस्थेची खरी अडचण विद्यार्थ्यांपुढे मांडायची आणि निर्णय त्यांनाच घ्यायला लावायचा. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिच्या उभारणीत स्टॅनफर्डचा सहभाग होता.

१४/
आज कॅटसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. राज्याची सीईटी हा दुसरा मार्ग. ओबीसींसाठी २७ टक्के आरक्षण २००६ च्या केंद्रीय कायद्याने आले. जन्माने ठरणारा प्रवेश कागदावर तरी संपला.

१५/
तरी उंबरठा आहेच. कॅट इंग्रजीतच होते. शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने शिकवणीसाठी पुण्याला जाण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. पूर्वी मोडी न येणारा अडत असे, आज इंग्रजी उताऱ्यावर अडतो. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज एक गंभीर इंग्रजी लेख वाचणे, ही तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गुंतवणूक ठरते.

१६/
दुसऱ्या वर्षी दहावीपर्यंतचे अंकगणित आणि बीजगणित पक्के करावे, तिसऱ्या वर्षी वेळ लावून सराव परीक्षा द्याव्यात. पदवीचे गुण सांभाळावेत. अनेक संस्था अंतिम निवडीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण धरतात. परीक्षेत कमावलेले तिथे गमावू नये.

१७/
मुलाखतीची तयारी गावातच होते. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंडचे साखर कारखाने, गावातली पतसंस्था या साऱ्या जिवंत ‘केस’ आहेत. उसाचे बिल शेतकऱ्याला कधी आणि कोणत्या हिशेबाने मिळते, हे नीट सांगू शकणाऱ्या विद्यार्थ्याकडे पुस्तकाबाहेरचे ज्ञान असते.

१८/
या संस्थांतून बाहेर पडणारे अनेक जण बँका आणि वित्तसंस्थांत जातात. कर्जाच्या अटी, व्याजाचे दर, वसुलीची धोरणे तिथे ठरतात. कर्डे गावच्या शेतकऱ्याला तो कागद समजत नव्हता. त्याच तालुक्यातला विद्यार्थी आता तो कागद लिहिणाऱ्यांत बसू शकतो. तिथे पोहोचल्यावर सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत तो लिहावा, इतकी अपेक्षा या मुलखाच्या इतिहासाने त्याच्याकडून ठेवायला हरकत नाही.

तुमच्या गावात जुने रोखे, खतावण्या किंवा मोडी कागद जपलेले असतील, तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. अशा कागदांत अजून बरेच काही दडलेले आहे.