होडी खांद्यावर घेणारी माणसे

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला मी मुलांना उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांच्या प्रदेशाचे एक चित्र दाखवीत होतो. दाट झाडीतली पायवाट, आणि तिच्यावरून उलटी होडी खांद्यावर घेऊन चाललेला एक माणूस. वर्ग खोखो हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, होडीनं माणसाला न्यायचं, की माणसानं होडीला?" त्याचे वडील आमच्या गावच्या बाजारात हमाली करतात. हसणे ओसरल्यावर त्यानेच पुन्हा विचारले, "आणि याची मजुरी काय मिळायची?"

खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. राजांच्या सनावळ्या तोंडपाठ असलेल्या मास्तराला हमालाची मजुरी ठाऊक नसावी! त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी सुपीरियर सरोवराच्या काठी, दोनशे वर्षांपूर्वीच्या ग्रँड पोर्टेजला जाऊन पोचलो.

पोर्टेज म्हणजे जिथे पाण्याची वाट तुटते, तिथे माल आणि होडी उचलून पुढच्या पाण्यापर्यंत नेण्याची जमिनीवरची वाट. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर असंख्य तळी आणि नद्या एकमेकींच्या शेजारी पसरल्या आहेत; मध्ये कुठे धबधबा, कुठे खळाळ, कुठे नुसता डोंगर. पिजन नदी सुपीरियर सरोवराला मिळण्यापूर्वी अशी काही कोसळते, की तिथे होडीचा निभाव लागत नाही. म्हणून तिथल्या ओजिब्वे लोकांनी साडेआठ मैलांची, म्हणजे सुमारे 14 किलोमीटरांची पायवाट पाडली होती. त्यांच्या भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थच 'वाहून नेण्याची मोठी जागा' असा आहे. गोरे व्यापारी आले ते या आयत्या वाटेवरून.

होडीही ओजिब्वेंचीच. आपल्या पूर्वजांनी ज्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, त्याच्याच जातभाईच्या सालीची ही होडी. सीडरच्या लाकडाच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिवण, आणि सांध्यांवर त्याच झाडाचा डिंक. शिवणीचे आणि डिंकाचे काम बहुतेक बायकांच्या हातचे. खडक लागून होडी फाटली, तर दुरुस्तीचे सामान शेजारच्या रानातच उभे असे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर युरोपातल्या सभ्य गृहस्थांच्या टोप्यांसाठी! बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या लोकरीपासून उत्तम नमदा होई. नॉर्थ वेस्ट कंपनीच्या होड्या वसंतात माँट्रिअलहून कापड, भांडी, बंदुका घेऊन निघत आणि उन्हाळ्यात ग्रँड पोर्टेजला पोचत. उत्तरेकडून दुसऱ्या लहान होड्या कातडी घेऊन येत. सुमारे 36 फुटी मोठ्या होड्या सरोवराकाठीच राहत. डोंगरापलीकडे जाई तो माल, माणसांच्या पाठीवरून.

ही माणसे म्हणजे 'व्हॉयाजर', बहुतेक फ्रेंच कॅनेडियन शेतकऱ्यांची मुले. कित्येकांना सही येत नसे. करारावर फुली मारून ते निघत. मालाचा प्रत्येक डाग 90 पौंडांचा, म्हणजे सुमारे 41 किलोंचा. आपल्या जुन्या मणाहून थोडा जास्तच. एका खेपेला असे दोन डाग. आपला हमाल डोक्यावर चुंबळ ठेवतो. हे लोक कातडी पट्टा कपाळावर घेत आणि ओझे पाठीवर सोडून, पुढे वाकून, दुडक्या चालीने निघत. साडेआठ मैलांत सोळा विसावे.

अलेक्झांडर मॅकेन्झी या कंपनीच्या भागीदाराने 1801 साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले. माँट्रिअलहून आलेल्या प्रत्येकाने आठ डाग पलीकडे पोचवायचे, ते ठरल्या पगारातच. त्यावर आणखी उचलला, तर डागामागे एक स्पॅनिश डॉलर. दोन डाग घेऊन जाऊन दुसरे दोन घेऊन सहा तासांत परतणारे गडी आपण पाहिले आहेत, असेही तो लिहितो.

मी हे वर्गात सांगितले आणि फळ्यावर हिशेब मांडला. आठ डागांच्या चार खेपा. जाऊनयेऊन 68 मैल, म्हणजे सुमारे 110 किलोमीटर. या वेळी कुणी हसले नाही.

ओझ्याने कित्येकांची आतडी उतरत. खळाळात बुडालेल्यांसाठी काठावर लाकडी क्रूस उभे राहत. 1960 मध्ये पाणबुड्यांना याच जलमार्गावरच्या एका खळाळाच्या तळाशी, एकात एक बसवलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांची चवड सापडली. दिवाळीआधी आपल्या घरी भांडी घासूनपुसून मांडतात ना, तशीच. फक्त ती ज्या घरी जायची होती तिथे पोचली नाहीत.

1803 च्या सुमारास कंपनीने ठाणे उत्तरेला हलवले, 1821 मध्ये ती हडसन बे कंपनीत विलीन झाली. पुढे रेशमी टोपीची टूम निघाली आणि बीव्हरचा भाव पडला. वाट मात्र उरली. 1842 च्या तहात ब्रिटन-अमेरिकेने ती दोन्ही देशांच्या लोकांना मोकळी ठेवली. 1958 मध्ये अमेरिकेने ती राष्ट्रीय स्मारक ठरवली. जवळच्या हजारावर तळ्यांच्या रानाला 1978 च्या कायद्याने संरक्षण मिळाले, आणि तिथे बहुतेक ठिकाणी यंत्राची बोट चालत नाही. लोक हौसेने वल्ही मारीत जातात, बेटावर तंबू ठोकतात, चूल पेटवतात, आणि सकाळी होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्याकडे निघतात. ते ओझे त्यांनी आपखुशीने घेतलेले असते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "सर, मी घरी सांगितलं सगळं."

"मग? वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, पट्टा कपाळाला म्हणजे मान गेली असेल बिचाऱ्यांची."

मॅकेन्झीसाहेबाने मैल मोजले, तास मोजले, डॉलर मोजले. मानेची चौकशी दोनशे वर्षांनी आमच्या बाजारातल्या एका हमालाने केली.